रॉजर वॉटर्सची राजकीय गाणी ऐकायची कशी

पिंक फ्लॉइड हा ब्रिटिश रॉक बँड ऐकणाऱ्या मुंबईकरांच्या बैठकीत त्याच्या माजी गीतकार-गायकाचं, रॉजर वॉटर्सचं, नाव निघालं की दहा मिनिटांत गाणी बाजूला पडतात आणि त्याची वक्तव्यं सुरू होतात. एक गट म्हणतो, गाणी म्हणावीत की, राजकारण कशाला? बँडमधल्या गिल्मरची गिटार सोबत होती तोवर ठीक होतं, पुढे नुसती भाषणं उरली. दुसरा गट म्हणतो, युद्धाविरुद्ध, सत्तेविरुद्ध एवढं उघड बोलणारा रॉकमध्ये दुसरा दाखवा, म्हणजे आल्बम थोरच. दोघांचाही निकाल आल्बम लावण्याआधीच लागलेला असतो.

वॉटर्सच्या राजकीय गाण्यांत काही अव्वल आहेत आणि काही सपशेल फसलेली आहेत. कुठलं कशात मोडतं ते त्याची मतं आपल्याला पटतात की नाही यावर अवलंबून नाही. गाण्यात बोलतोय कोण, तो उभा कुठे आहे आणि ते कानाला कळतं का, एवढं बघावं. त्याचे एकट्याचे असे आल्बम तीनच: 1987 चा ‘रेडिओ केऑस’, 1992 चा ‘अम्यूज्ड टू डेथ’ आणि 2017 चा ‘इज धिस द लाइफ वी रिअली वॉन्ट?’ (1984 चा पहिला आल्बम एका रात्रीतल्या स्वप्नांचा आणि मोडत्या संसाराचा आहे, तो इथे नको.)

‘राजकारण नको’ म्हणणाऱ्यांचं आधी बघू, कारण ते लवकर आटपतं. या मंडळींना ज्या फ्लॉइडची आठवण येते तो कधी राजकारणाशिवाय होता? 1977 च्या ‘अॅनिमल्स’मध्ये ब्रिटनमधल्या संस्कृतिरक्षक मेरी व्हाइटहाउसबाईंचं नाव घेऊन टिंगल आहे. 1983 चा ‘द फायनल कट’ फॉकलंड युद्धावर आणि थॅचरबाईंवर आहे. वॉटर्सचे वडील 1944 च्या फेब्रुवारीत इटलीत आन्झिओच्या लढाईत मारले गेले, तेव्हा तो पाच महिन्यांचा होता. तेव्हापासूनचा तो राग फ्लॉइडच्या गाण्यांत वर्षानुवर्षं आहेच. फरक एवढाच की त्या शब्दांनंतर चार मिनिटांचा गिटार सोलो यायचा आणि शब्द कानावरून गेले तरी चालायचं. 2007 च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर वॉटर्स वाजवून गेला तो फ्लॉइडचा ‘डार्क साइड’ हा आल्बम अख्खा वाजवण्याचा दौरा होता, आणि त्याच दौऱ्याच्या कार्यक्रमात इराक युद्धाच्या संतापातून लिहिलेलं ‘लीव्हिंग बेरूत’ही होतं.

शिवाय ‘गाण्यात राजकारण कशाला’ हा प्रश्न मराठी माणसाने विचारावा याची गंमत वाटते. याच शहरात 1944 मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकरांनी लाल बावटा कलापथक काढलं आणि गिरणगावातल्या चाळींसमोर, मैदानांवर हजारोंना बसवून ऐकवलं. अण्णाभाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड नीट ऐका. बराच वेळ ती गावी राहिलेल्या बायकोची आहे. तिचं रूप, तिचा निरोप, पोटासाठी मुंबई गाठलेल्या नवऱ्याची तगमग. हे सगळं मनात पक्कं बसल्यावर शाहीर सांगतो की हीच गत खंडित महाराष्ट्राची झाली आहे, आणि बेळगाव, कारवारची नावं येतात. मागणी आधी आणि मैना नंतर असती तर तो ठराव झाला असता. वॉटर्सची गाणीही नेमकी याच ठिकाणी जिंकतात किंवा हरतात.

हरलेल्यांपासून सुरुवात करू. ‘रेडिओ केऑस’ची कथा कागदावर मोठी भारी आहे. वेल्सच्या खाणपट्ट्यातला बिली, चाकाच्या खुर्चीतला, बोलू न शकणारा मुलगा, त्याच्या डोक्यात थेट रेडिओलहरी ऐकू येतात. भाऊ बेनी खाणकामगार, ‘बाजारपेठेच्या नियमां’मुळे घरी बसवलेला. बेनी तुरुंगात जातो, बिलीची रवानगी लॉस एंजेलिसच्या काकाकडे होते आणि तिथून तो एका रेडिओ निवेदकाशी बोलू लागतो. शेवटी तो जगभरच्या संगणकांना अणुहल्ल्याचा खोटा भास करून देतो. खाणी बंद पडणं, रेडिओ केंद्रांचं कंपनीकरण, अणुयुद्धाची भीती: 1987 चं अख्खं जग त्यात आहे.

आता वेष्टनावरचा मजकूर न वाचता आल्बमची आठ गाणी सलग ऐका आणि ही कथा सांगून दाखवा. येत नाही. कथा गाण्यांच्या बाहेर, कागदावर राहिली आहे. गाण्यांत बिली फारसा भेटतच नाही. त्याच्याबद्दल, त्याच्या जगाबद्दल मतं भेटतात. आणि या सगळ्यावर त्या दशकातला ड्रमचा फटका: प्रत्येक ठोक्यावर कृत्रिम घुमारा चढवून तो झपकन कापलेला, खाली सिंथेसायझरचा चकचकीत थर. ज्या खाणगावाची गोष्ट सांगायची ते गावच ऐकू येत नाही, ऐकू येतो तो महागडा स्टुडिओ. वॉटर्सने स्वतःही पुढे या ध्वनीबद्दल नाराजी बोलून दाखवली. अपवाद शेवटच्या ‘द टाइड इज टर्निंग’चा. तिथे पॉन्टारडुलेस या वेल्समधल्याच गावची पुरुषांची गायकमंडळी येते, आणि आल्बमभर ज्या माणसांबद्दल बोललं गेलं त्यांच्यासारखी माणसं पहिल्यांदा प्रत्यक्ष गातात. त्याच साली वॉटर्सशिवायच्या फ्लॉइडचा आल्बम याच्या कितीतरी पट खपला. यातून लोकांना राजकारण नको होतं असा निष्कर्ष काढणारे चाहते अजून भेटतात. लोकांना काय नको होतं ते त्या ड्रमवरून जास्त चांगलं कळतं.

‘अम्यूज्ड टू डेथ’ची गोष्ट निराळी, आणि त्याच्यावर वेळ घालवायला हवा. शीर्षक नील पोस्टमनच्या 1985 च्या पुस्तकावरून सुचलेलं: दूरचित्रवाणीने सार्वजनिक आयुष्याची करमणूक कशी केली, हा त्याचा विषय. आल्बम आला सप्टेंबर 1992 मध्ये. आदल्या वर्षी जानेवारीत आखाती युद्ध सीएनएनवर थेट दिसलं होतं, आणि मुंबईतल्या बिल्डिंगांच्या गच्च्यांवर डिश अँटेना आणि खिडक्यांवरून लोंबणाऱ्या केबलच्या तारा याच सुमारास आल्या. घरी बसून, जेवताजेवता, लांबचं युद्ध बघायची सवय ज्या वर्षांत आपल्याला लागली त्याच वर्षांतला हा आल्बम आहे. म्हणून तो आपल्यालाही तितकाच लागू आहे.

आणि हा विषय त्याने ध्वनीच्या रचनेतच घातला आहे. आल्बमचं मिश्रण क्यूसाउंड या पद्धतीने केलं आहे. दोनच स्पीकरांतून येणारा आवाज, एका बाजूचा ध्वनी किंचित उशिराने आणि बदललेल्या फेजने (म्हणजे लहरीचे चढउतार सरकवून) दुसऱ्या बाजूला सोडून, कानाला स्पीकरांच्या पलीकडे, कधी शेजारी, कधी जवळजवळ मागे असल्याचा भास देतो. पहिल्या तुकड्यात आल्फ रॅझल नावाचे पहिल्या महायुद्धातले ब्रिटिश सैनिक म्हातारपणीच्या आवाजात बोलतात. खड्ड्यात जखमी पडलेला सोबती बिल हबर्ड त्यांना सापडला, उचलून नेववेना, आणि दोन्ही फौजांच्या मधल्या पट्ट्यात त्याला सोडून यावं लागलं. मागे लांबवर कुत्रं भुंकतं, जेफ बेकची गिटार अगदी हळू येते, आणि कुणीतरी टीव्हीची चॅनेलं बदलत असतं. रॅझल जवळ, कुत्रं लांब, टीव्ही खोलीत. कोण किती अंतरावर आहे हे शब्दाविना कळतं, आणि पुढचा सगळा आल्बम अंतराबद्दलच आहे: सुरक्षित अंतरावर बसलेल्याच्या शौर्याबद्दल तर त्यात एक सबंध गाणं आहे.

म्हणूनच मोबाइलच्या स्पीकरवर हा आल्बम ऐकून दिलेल्या मताला माझ्या लेखी फारशी किंमत नाही. मोबाइल दोन्ही बाजू जवळजवळ एकत्र करतो. फेज बदललेले भाग एकमेकांत मिसळताना काही अंशी एकमेकांना खोडून काढतात, आणि उरतो पातळ, मधोमध गोळा झालेला आवाज. एकाच डबीचा ब्लूटूथ स्पीकर तेच करतो, कारण आतले दोन स्पीकर काही इंचांवर असतात. हेडफोनवर तपशील भरपूर कळतो, पण प्रत्येक कानाला एकच बाजू मिळते. क्यूसाउंडचं गणित दोन्ही स्पीकर दोन्ही कानांना ऐकू येतील असं धरून केलेलं आहे, त्यामुळे तिथेही बाहेरचं अंतर आकसतं. लोकलमध्ये तर रॅझल यांचा आवाजच चाकांच्या खडखडाटाखाली जातो, आणि आवाज वाढवावा तर ‘लेट होम टुनाइट’मधला बॉम्ब कानात फुटतो.

आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत हे जमतं, महागडी सिस्टिम लागत नाही. साधे पण एकसारखे दोन स्पीकर घ्या. दोघांमध्ये पाच ते सहा फूट अंतर, आणि तुमचं डोकं दोघांपासून तेवढ्याच अंतरावर, म्हणजे समभुज त्रिकोण. उंच पट्टीचा छोटा स्पीकर कानाच्या उंचीला आला पाहिजे. शोकेसच्या कप्प्यात कोंबलेला स्पीकर बाहेर काढा, मागच्या भिंतीपासून निदान दीड फूट पुढे आणा, नाहीतर खालचा सूर फुगतो आणि बोलणं त्यात बुडतं. एक बाजू उघडी खिडकी आणि दुसरी बाजू स्टीलचं कपाट असेल तर कपाटावर चादर टाका. मग अॅम्प्लिफायरवरचे लाउडनेस, बेस बूस्ट, सराउंड, नाइट मोड सगळे बंद. मोबाइलवरून गाणी सोडत असाल तर शफल आणि क्रॉसफेड (एका गाण्याचा शेवट पुढच्यात मिसळणारी सोय) बंद करा, कारण हा आल्बम सलग आहे आणि गाण्यांचे सांधे चिरले की तो मोडतो.

सगळ्यात जास्त घोटाळा तारेत होतो. एका स्पीकरची लाल-काळी तार उलटी लागली तर आवाज येतो, नुकसान काही होत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. पण मधला आवाज मधे राहत नाही आणि खालचा सूर गळून जातो. तपासायला एखादी एकट्या माणसाची बातमी किंवा भाषण लावा. आवाज दोघांच्या बरोबर मधून, जणू तिथे कुणी उभं आहे असा आला पाहिजे. पसरट, जागा न सांगता येणारा आला तर एकाच स्पीकरची तार उलटी करून पुन्हा ऐका. मग पहिला तुकडा लावा. कुत्रं स्पीकरमधून न भुंकता सोसायटीच्या आवारातून भुंकल्यासारखं वाटलं की समजा, जमलं. ‘टू मच रोप’च्या सुरुवातीला घुंगरू लावलेल्या घोड्यांची बर्फगाडी जाते, तीही चांगली कसोटी. आवाज रॅझल यांच्या बोलण्यावर ठरवा, समोर बसून माणूस बोलतो तेवढा, आणि दुपारची वेळ साधा. त्या पातळीला बॉम्ब शेजाऱ्यांपर्यंत जाणार हे धरून चाला.

हा बॉम्ब कुठे पडतो तेही बघण्यासारखं आहे. ‘लेट होम टुनाइट’ हे गाणं 1986 मधल्या लिबियातल्या त्रिपोलीवरच्या अमेरिकी हवाई हल्ल्याचं. सुरुवात होते ऑक्सफर्डशरमधल्या शेतकऱ्याच्या बायकोपासून. ती खिडकीशी उभी आहे, घड्याळाकडे बघते आहे, चहाची वेळ होत आली आहे. वरून विमानं जातात. धिक्कार नाही, घोषणा नाही, साधी चाल आणि एका घरातली दुपार. मग स्फोट, आणि तो तिच्या घरी होत नाही. ‘परफेक्ट सेन्स’च्या दुसऱ्या भागात तर पाणबुडीने तेलविहिरीवर केलेल्या हल्ल्याचं धावतं वर्णन मार्व्ह अल्बर्ट हे खरे क्रीडा-समालोचक करतात, अगदी सामन्यासारखं, आणि स्टेडियमभर लोक पैशाचं राष्ट्रगीत म्हणतात. सामन्याचा आणि लष्करी कारवाईचा एकाच सुरात चाललेला धावता तपशील आपल्या वाहिन्यांवर ज्यांनी ऐकला आहे त्यांना हे 1992 मधलं आहे यावर विश्वास बसणार नाही.

याच आल्बमातलं ‘व्हॉट गॉड वॉन्ट्स’ माझ्या मांडणीला अडचणीचं आहे, कारण त्यात माणूस नाही, जागा नाही, नुसती यादी आहे: देवाला काय काय हवं, शांतता हवी, युद्ध हवं, दुकानांच्या साखळ्याही हव्यात. यादीची गाणी वॉटर्सला सहसा जमत नाहीत. ही जमली, कारण यादीतल्या गोष्टी एकमेकींना हास्यास्पद करत जातात आणि गाणारा कोरस मनापासून, जोशात गातो. जमाव जसा गातो तसा. आल्बम आला सप्टेंबरात. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मुंबईने जे पाहिलं, त्यानंतर इथल्या श्रोत्याला तो कोरस उपरोधाचा वाटेलच असं नाही. बातमीसारखाही वाटेल.

डिस्क कुठली घ्यावी हा चाहत्यांचा आवडता वाद. 1992 ची मूळ आहे, आणि 2015 ची, जेम्स गथ्री आणि जोएल प्लांट यांनी नव्याने मिश्रण केलेली. नव्या आवृत्तीच्या 5.1 मिश्रणाला (पाच स्पीकर आणि एक खर्जाचा) 2016 चं सराउंड साउंडचं ग्रॅमी मिळालं. जुन्यात ‘परफेक्ट सेन्स’च्या आधी उलटं वाजवलेलं बोलणं आहे: स्टॅन्ली कुब्रिकने आपल्या ‘2001’ या सिनेमातल्या संगणकाचा आवाज वापरायला परवानगी दिली नाही म्हणून त्याला काढलेला चिमटा. नव्यात तो संगणक खुद्द हजर आहे. घरी पाच स्पीकर असतील तर नवी घ्याच. दोनच असतील तरी नवीच घ्या, त्यात बोलणं जास्त मोकळं कळतं. उलट्या बोलण्यासाठी जुनी जपून ठेवणाऱ्यांशी माझं भांडण नाही.

2017 चा आल्बम रेडिओहेडचा निर्माता नायजेल गॉड्रिचने केला. घड्याळाची टिकटिक, रेडिओवरचे आवाज, कोरडे ड्रम, सगळं जवळ. त्यातली दोन गाणी शेजारी ठेवा. ‘पिक्चर धॅट’मध्ये एकामागून एक चित्रं डोळ्यांपुढे आणायला सांगितली जातात, त्यांत बिनडोक नेताही येतो. ऐकणारा आधीच सहमत असेल तर मान डोलावतो, नसेल तर पुढचं गाणं लावतो. कुणाचंच काही बदलत नाही. ‘देजा व्हू’मध्ये मात्र गाणारा म्हणतो, मी ड्रोन असतो तर परक्या आकाशात फिरताना मला भीती वाटली असती, घरात कुणी असलं तर? चुलीपाशी एखादी बाई असेल, भाकरी भाजत, भात शिजवत, नाहीतर नुसती हाडं उकळत. भाकरीपासून उकळत्या हाडांपर्यंत तीन पायऱ्यांत त्या घरातलं दारिद्र्य सांगून झालं. ड्रोनच्या बाजूने असलेल्या माणसालाही ती बाई ऐकावी लागते. हाच गायक, हीच मतं, एकाच आल्बमात. एक गाणं उभं राहिलं आणि दुसरं पत्रक झालं.

राहता राहिला स्वतः माणूस. 2018 मध्ये ब्राझीलच्या साओ पावलोत त्याने पडद्यावर नवफॅसिस्टांच्या यादीत तिथल्या अध्यक्षपदाचे उमेदवार बोल्सोनारो यांचं नाव टाकलं, तेव्हा त्याच स्टेडियममध्ये हुर्योही झाली आणि जल्लोषही. 2020 मध्ये लंडनच्या सभेत त्याने आमीर अझीझ या भारतीय कवीच्या ओळी इंग्रजीतून वाचल्या आणि इथल्या निम्म्या चाहत्यांना तो अचानक आपला वाटला, उरलेल्यांना परका. 2022 च्या दौऱ्यात तर कार्यक्रम सुरू होण्याआधीच सूचना असे: फ्लॉइड आवडतो पण रॉजरचं राजकारण सोसवत नाही अशा लोकांनी सरळ बारकडे निघावं, आणि तीही शिवी घालून. 2023 मध्ये रशियाच्या निमंत्रणावरून तो संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे बोलला. युक्रेनवरचं आक्रमण बेकायदा आहे असं म्हणतानाच ते चिथावणीशिवाय झालेलं नाही असंही म्हणाला. त्याच वर्षी फ्रँकफर्टने त्याचा कार्यक्रम रद्द करायचा प्रयत्न केला, न्यायालयाने तो होऊ दिला.

युक्रेनवरचं त्याचं बोलणं मला पटत नाही. ज्या माणसाने घरात चूल पेटवलेल्या बाईची बाजू घेतली, त्याने बॉम्ब टाकणाऱ्याला चिथावणीची सवलत देऊ नये. पण या भाषणामुळे ‘लेट होम टुनाइट’ खोटं ठरत नाही, आणि ‘लेट होम टुनाइट’मुळे भाषण खरं ठरत नाही. भाषण भाषणाच्या कसाला लावावं, गाणं गाण्याच्या. न्यायालयाने कार्यक्रम होऊ दिला हे मला बरोबर वाटतं. तिकीट काढून हुर्यो करणाऱ्या साओ पावलोतल्या लोकांचा हक्कही तेवढाच बरोबर वाटतो.

भांडायचंच असेल तर ‘वॉचिंग टीव्ही’वर भांडा. 1989 मध्ये बीजिंगच्या तिआनानमेन चौकात मारल्या गेलेल्या विद्यार्थिनीवरचं हे गाणं, गायक डॉन हेनलीबरोबर, अकूस्टिक गिटारवर. ती इंजिनिअरची मुलगी आहे, तत्त्वज्ञान शिकते आहे, म्हणजे एक नक्की माणूस समोर आहे. जगभर मेलेल्या इतर सगळ्यांहून ती वेगळी, कारण ती टीव्हीवर मेली, हा घावही नेमका बसतो. पण मधेच वॉटर्स तिच्या छातीचं, बदामी डोळ्यांचं, मांड्यांच्या पिवळ्या रंगाचं वर्णन करतो. बचाव करणारे म्हणतात, ही नजर सोफ्यावरून बघणाऱ्याची आहे, तिचीच तर टवाळी चालली आहे. तसं असतं तर ध्वनीत कुठेतरी तो बघणारा वेगळा उभा राहिला असता, रॅझल यांच्यामागे चॅनेल बदलणारा उभा राहतो तसा. इथे ती ओळ आणि शोकाची ओळ एकाच आवाजात, एकाच अंतरावरून येतात. तिथे गाणं चुकलं आहे, आणि त्यातलं राजकारण मला पूर्ण मान्य आहे.